राबाच्या कडेचा रातवा

२५ एप्रिल २००४, रविवार

इथे गावच्या घरी येऊन तेवीस दिवस झाले. लिहिण्यासारखं काही घडलं नाही म्हणून लिहिलं नाही. चौतीस वर्षं मुलांना सांगत आले, निरीक्षण असेल तर लिहा, नाहीतर पेन्सिल खाली ठेवा. तोच नियम मला.

आज निरीक्षण आहे. संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी घरामागच्या शेताकडून आवाज आला. काचेची गोटी फरशीवर टाकावी, तिने आधी सावकाश आणि मग घाईघाईने उड्या मारत थांबावं, तसा. चक, चक, चक, चकर्र. पुन्हा तेच. अकरा मिनिटांत चौसष्ट वेळा.

गोदू ओट्यावर बसली होती. म्हणाली, "रातवा हाय त्यो. दिसायचा न्हाय तुमाला. आमालाच दिसत न्हाय."

राघो आमचं शेत करतो आणि गोदू त्याची बायको. रोज संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून येते. आज शेवग्याच्या चार शेंगा होत्या. देऊन जावं, तर तासभर बसते. मी फारसं बोलत नाही, तरी बसते. घरी कामं नसावीत.

२७ एप्रिल

दुकानात भावाचा, चांगदेवचा फोन आला. दुकानदाराने पोराला धाडून बोलावलं, म्हणून जावं लागलं.

"ताई, कंटाळली असशील तर ये परत."

"मी कंटाळत नाही."

"तुझ्या खोलीत सध्या सुताची पोती ठेवलीत. पण काढू. दोन दिवसांत काढू."

"काढू नकोस," म्हणाले आणि फोन ठेवला.

नारपोलीच्या घराचा खालचा मजला त्याने कापड विणायच्या लूमला दिला तेव्हा मी सांगितलं होतं, एक तर लूम राहील नाहीतर मी. त्याला वाटलं मी नुसतं बोलते आहे. धाकटा भाऊ पन्नाशीचा झाला तरी त्याला हे कळू नये. इथे रात्री खटखट नाही. झोप मात्र तिकडच्यापेक्षा कमी लागते, याचं कारण उकाडा असावा.

२९ एप्रिल, गुरुवार

मोठं निरीक्षण.

राघो सकाळी राब दाखवायला घेऊन गेला. भाताची रोपं जिथे करायची त्या तुकड्यावर शेण, ऐनाच्या फांद्या, पालापाचोळा, गवत असं पसरून वर माती टाकतात आणि ते जाळतात. तणाचं बी मरतं, राख मिळते, रोप जोमाने येतं. राघोच्या घरच्या बायकांनी महिनाभर डोक्यावर भारे आणून हा राब रचला आहे. काम नीटनेटकं आहे, तसं त्याला सांगितलं.

कडेने चालत होते. ऐनाच्या झाडाखाली माझ्या पुढच्या पावलापासून वीतभर अंतरावर पाचोळा उडाला. पाचोळाच म्हणते, कारण उडेपर्यंत तिथे पक्षी नव्हता. पंखांचा आवाजसुद्धा झाला नाही. दहा हातांवर जाऊन बसला आणि माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा नाहीसा झाला. करडा, तपकिरी, काळ्या रेघा. वाळकं पान आणि त्याची सावली दोन्ही एकाच अंगावर. हाच गोदूचा रातवा.

तो उठला तिथे दोन अंडी होती. घरटं असं नाहीच. उघडी जमीन, तिच्यावर फिकट गुलाबी, तपकिरी डागांची दोन अंडी.

राघो म्हणाला, "दोन दिसांत भाजून टाकतो राब."

"नाही. अंडी फुटून पिल्लं निघेपर्यंत नाही."

माझ्याकडे पक्ष्यांचं एक इंग्रजी पुस्तक आहे, शाळेने निरोपाला दिलेलं. अंडी उबायला सतरा दिवस लागतात. २९ एप्रिलमध्ये सतरा मिळवले की १६ मे. तसं राघोला सांगितलं.

"सोळा? बाई, तवर हवा फिरली आन् चार थेंब पडलं तर? भिजला राब पेटत न्हाय, नुसता धुमसतो. मंग रोप कशावर करू?"

"सोळा म्हणजे सोळा."

"तेवढा कोपरा सोडून भाजू का?"

"धूर कोपरा बघून जातो का?"

"दोन अंड्यांपायी, बाई?"

"दोन अंड्यांपायी."

गोदू मागे उभी होती. म्हणाली, "कोंबडीची असती तर भाकरीवर तरी घेतली असती." राघो हसला. मी हसले नाही. शेत आमचं आहे. 

१ मे

आठ दगड गोळा केले, त्यांना चुना लावला आणि अंड्यांभोवती दोन हातांवर गोल मांडले. कुणी चुकून पाय देऊ नये. नियम ठरवला की आता मीही पंधरा पावलांच्या आत जायचं नाही. जुन्या चष्म्यातून पंधरा पावलांवरचं चांगलं दिसतं.

गोदू म्हणाली, "बाई, त्येनं लपायचं आन् तुमी चुना लावून दावताय?"

"माणसांसाठी आहे ते."

"कावळ्यालाबी डोळं असत्यात."

"मी विचारलं नव्हतं."

आज ती लवकर गेली.

३ मे, सोमवार

सकाळी साडेसहा ते आठ. मादी बसून. डोळे मिटून नुसती फट ठेवते, कारण उघडा डोळा चमकतो आणि घात करतो. ऊन फिरलं तशी तीही जागच्या जागी फिरली, सावली अंगाखालीच राहील अशी. दीड तासात याखेरीज काहीही हालचाल नाही. असं बसणं सोपं नाही. वर्गात दहा मिनिटं हात न हलवता बसायला सांगितलं तर चाळीसपैकी दोन मुलं बसायची.

कॉलेजात आम्ही बेडूक फाडले, झुरळं फाडली, गांडुळाचे खंड मोजले. जिवंत प्राण्याकडे नुसतं बघत बसायला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी आज काही वेगळी असते असं नाही. नोंद म्हणून लिहिते.

५ मे

अंगणातल्या दिव्याभोवती पतंग जमतात. आज नर तिथवर आला. येताना कळत नाही, फक्त एक पतंग कमी झाला एवढं कळतं. चोच पाहावी तर नखाएवढी, पण तोंड उघडलं की कानापर्यंत फाटतं, आणि दोन्ही बाजूंना राठ केस. उडता उडता किडे त्यातच शिरतात. पाय इतके लहान की चालणं जवळजवळ नाहीच. विजेरी मारली तर डोळे निखाऱ्यासारखे लाल.

हे सगळं गोदूला समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मेघालीला झोप न्हाय रातची. सातवा चालू हाय. पोटात लाथा मारतंय." मेघाली तिची लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. मी म्हणाले, डाव्या कुशीवर झोपायला सांग. मग ती खूप वेळ लेकीबद्दल बोलत राहिली. निरीक्षणात खंड पडला. साडेआठला गेली. तिने आणलेली सुकटीची चटणी खाल्ली, चांगली होती, तसं सांगायचं राहिलं.

७ मे, शुक्रवार

मादी दगडांच्या आत नाही. रिंगणाबाहेर, दोन हातांवर बसली आहे. अंडी उघडी टाकून. सोळा तारखेला नऊ दिवस आहेत आणि हिला आत्ताच कंटाळा आला. रागावून उपयोग नाही, पण रागावले.

राघो बांधावर उभा राहून आभाळ बघत होता. मला बघून गेला.

८ मे

मादी आणखी सरकली. आता थेट राबाच्या पाचोळ्यात. एकदाच नियम मोडून सात-आठ पावलांवर गेले, तर उठली आणि धडपडत पडली. एक पंख लोंबत होता. फरफटत माझ्यापुढे पंधरा-वीस हात गेली, पुन्हा पडली. मी मागे गेले. मग ऐनाच्या पलीकडे उडून गेली.

पंख दुखावलेला आहे. कोणीतरी दगड मारला असणार. इथे सगळ्यांना हा राब पेटवायची घाई आहे.

९ मे, रविवार

अंडी नाहीत.

दगडांच्या आत जाऊन पाहिलं. कवचाचा एक तुकडा, नखाएवढा. फोडलेली आहेत. सोळाला सात दिवस बाकी होते. मादीने अंडी का सोडली, ते आता समजलं. तिला आधी दगड मारून उठवलं.

तशीच नळावर गेले. पाण्याची वेळ होती, दहा-बारा बायका होत्या. गोदूचा हंडा भरत होता. मी विचारलं, "अंडी कुठे आहेत?"

"कसली अंडी?"

"तुला माहीत आहे कसली. भाकरीवर घ्यायची म्हणत होतीस."

"बाई, मी हसण्यावारी बोलले."

"नवऱ्याला राब भाजायचा होता. सरळ विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते, म्हणून चोरून केलंत. पाखराला दगड मारलात. लेक पोटुशी असताना तरी हे करायचं नव्हतं."

शेवटचं वाक्य बोलायचं नव्हतं. बोलून गेले. नळ चालू होता. गोदूचा हंडा भरून वाहत होता आणि तिने तो सरकवला नाही. एवढंच म्हणाली, "मी न्हाय घेतली."

मुलांना मी नेहमी विचारत असे, पुरावा काय? पुरावा होता. तुकडा काडेपेटीत घालून ठेवला आहे.

१० मे

गोदू आली नाही. बरं झालं, संध्याकाळ मोकळी मिळाली. दिवा लावून बसले. पतंग जमले होते. नर आला की नाही ते पाहिलं नाही.

दुपारी राघो दारावरून जात होता. त्याला हाक मारून सांगितलं, "जाळ तो राब. आता काय राहिलंय तिथे?"

तो थांबला. "रागानं सांगू नका, बाई."

"रागाने नाही. रिकाम्या जागेला काय राखायचं? उद्याच जाळ."

"बरं."

८ तारखेची नोंद पुन्हा वाचली. मादी राबाच्या पाचोळ्यात दिवसाढवळ्या का बसत असेल, ते लिहिलेलं नाही. कारण सापडलं नाही. झोप नाही.

११ मे, मंगळवार

सकाळी वारा नव्हता. सातला धूर दिसला. मागची खिडकी लावून घेतली आणि भांडी घासायला घेतली. थोड्या वेळाने ओरडा ऐकू आला, आधी गोदूचा, मग राघोचा. पाणी, पाणी असं काहीतरी. मी बाहेर गेले नाही. मला वाटलं, त्यांचं आपसात काही असेल.

भांडी दोनदा घासली.

संध्याकाळी राघो दारात आला. आत ये म्हटलं तरी आला नाही. हात काळे, भुवया करपलेल्या.

"बाई, अर्धा राब ऱ्हायला."

"का?"

"पिल्लं हायेत त्यात."

 त्याने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. त्याने एका टोकाला जाळ लावला. गोदू दुसऱ्या टोकाला फांदी घेऊन उभी होती, जाळ बांधावर जाऊ नये म्हणून. तिच्यासमोर पाखरू येऊन पडलं, पंख ओढत जाळाच्या तोंडाशी लोळायला लागलं. गोदू ओरडली, "टिटवीगत करतंय, हिचं पोर हाय इथं!" मग तिने प्यायला आणलेलं पाणी ओतलं, फांदीने झोडपलं, राब पायाने उधळला. पाचोळ्यात पाचोळ्याच्या रंगाची दोन पिल्लं होती, हलत नव्हती. जाळ तीन-चार हातांवर असेल.

"आणि गोदू?"

"पाय भाजलाय. लई न्हाय." मग म्हणाला, "अर्धा राब भिजला, उधळला. त्यो पुन्हा रचाया लागंल. पाला आना, शेन आना. ते करू आमी. मी हे सांगाया आलो, की पिल्लं हायेत. तुमाला कळावं म्हनून."

तो गेला. मी काडेपेटी उघडून तुकडा पाहिला. आतल्या बाजूने पडदा सुटा होऊन वाळलेला. धार बाहेर वळलेली. आतून फुटलेलं अंडं. हे नववीच्या मुलालाही कळलं असतं.

१२ मे

भाजल्याचं मलम घेऊन गोदूकडे गेले. इतक्या वर्षांत तिच्या घरी कधी गेले नव्हते. शाळेच्या सुट्टीत गावी यायचे तेव्हाही नाही. ती मागच्या पडवीत पाय लांब करून बसली होती. उजव्या पावलाला फोड आहेत. बस म्हणाली नाही. मी बसले.

"बाई, तुमी सतरा दिस मोजलं ते कवापास्नं?"

"सापडली त्या दिवसापासून."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली, पण मला बरं वाटावं म्हणून नव्हे. "अवो, पोटुशी बाई दिसली, म्हंजी काय त्याच दिशी ऱ्हायली व्हय?"

आत मेघाली खळखळून हसली.  बी. एस्सी. आणि चौतीस वर्षं. अंडी मला दिसली तेव्हा ती जन्माला आली असं मी धरलं होतं. सात तारखेला पिल्लं बाहेर होती आणि मी आईला आळशी म्हणत होते. आठ तारखेला ती मला पिल्लांपासून लांब नेत होती आणि मी तिच्यासाठी दगड मारणारा शोधत होते.

म्हणाले, "माझं चुकलं, गोदू."

"मला काय सांगताय? मला ठावं हाय मी न्हाय घेतली." तिने मलमाची डबी फिरवून पाहिली. "सासू तीन दिस बोलत न्हाय माझ्याशी. नळावरनं कोनीतरी येऊन तिच्या कानात ओरडलं. म्हनती, घरात लेक भरल्या पोटाची आन् तू पाखराचं घर मोडलंस, आता काय व्हईल ते तुझ्या माथ्यावर. मेघाली रातभर रडती. सासूला सांगा."

तिची सासू बायजाबाई घरी नव्हती, वज्रेश्वरीला गेली होती. नातीसाठी देवीला नारळ ठेवायला, असं मेघालीने सांगितलं. उद्या येईल.

परत येताना ऐनापाशी गेले. चुन्याचे आठही दगड उचलून ओढ्यात टाकले. पिल्लं शोधली नाहीत.

१३ मे, गुरुवार

बायजाबाई ऐंशीच्या पुढची. कान पार गेलेले. उंबऱ्यावर बसून तंबाखू मळत होती. गल्लीत बायका धान्य पाखडत होत्या. गोदू भिंतीला टेकून उभी होती, माझ्या मदतीला येणार नाही अशी.

मी म्हणाले, "बायजाबाई, गोदूने अंडी घेतली नाहीत."

"आं?"

"गोदूने अंडी घेतली नाहीत!"

"कोंबडी? कोंबडी खुराड्यात हाय."

पाखडणं थांबलं. मी तिच्या कानाशी वाकले. वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज मी निवृत्तीनंतरच्या सात वर्षांत काढला नव्हता.

"रातव्याची अंडी! कुणी घेतली नाहीत! पिल्लं निघाली! जिवंत आहेत! गोदूने वाचवली!"

"मंग घेतली म्हनून कोन बोललं?"

"मी!"

"कोन?"

"मी! मी बोलले! मी चुकले!"

"कोन चुकलं?"

पलीकडच्या आळीतून दोन पोरं बघायला आली. कुणीतरी हसलं. मी पुन्हा ओरडले, "मी चुकले!" आणि माझा आवाज मध्येच फाटला, जसा वर्गात एकदाही फाटला नव्हता.

बायजाबाईने माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. तंबाखूचा हात साडीला पुसला आणि माझी हनुवटी धरली. "चुकलीस तर चुकलीस," ती म्हणाली. "एवढं वरडाया काय झालं? मी काय भैरी हाय?"

सगळी गल्ली हसली. मेघाली आत हसत होती. गोदू हसली की नाही ते मी पाहू शकले नाही. बायजाबाईने तिला हाक मारली, "गोदे, बाईला च्या टाक." चार दिवसांनंतरचे तिचे सुनेशी पहिले शब्द. गोदूने चहा टाकला. मी तो उभ्यानेच घेतला. 

निघताना गोदू लंगडत अंगणापर्यंत आली. राबाच्या उरलेल्या अर्ध्या तुकड्याकडे बघत म्हणाली, "पिल्लं उडस्तवर त्यो भाजायचा न्हाय, असं ह्यांनी ठरवलंय. वरच्या अंगाला नवा रचायचा. उद्या सहाला पाला आनाया जातो आमी, बायका." आणि आत गेली.

घसा बसला आहे. संध्याकाळी रातवा बोलला. किती वेळा, ते मोजलं नाही.

गोदूने उद्याचं ते मला 'या' म्हणून सांगितलं, की नुसतंच सांगितलं, हे अजून कळलेलं नाही. तिला विचारायला पुन्हा जावं असं दोनदा वाटलं. गेले नाही. भारा डोक्यावर घ्यायला चुंबळ लागते, ती कशी करतात ते मला माहीत नाही. जुनं लुगडं फाडून एक करून पाहिली. सैल झाली. गजर पाचला लावला आहे.